यंत्राचा कित्ता आणि आपला हात

माणसाच्या विद्येची परीक्षा शाळेत होते असे आपण समजतो; परंतु खरी परीक्षा पुष्कळदा एखाद्या कचेरीच्या मेजापाशी होते. समोर कागद येतो, खाली सहीची जागा दाखविली जाते, आणि वरचा मजकूर ज्याला वाचता येतो तो आपल्या घामाचा धनी राहतो. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. हा विचार अलीकडे आमच्या मनात वारंवार येऊ लागला आहे. आमच्या जोयडा तालुक्यातील ओळखीचा एक तरुण आखाती देशात नोकरीस जाण्यापूर्वी अरबी अक्षरे गिरवीत आहे, आणि ती गिरवताना मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेचे साह्य घेत आहे. या नव्या रीतीचे कौतुक करावे की तिची धास्ती घ्यावी, असे काही आईबाप आम्हांस विचारतात. आमचे बहुतेक आयुष्य मुलांचे कित्ते तपासण्यात गेले आहे. म्हणून या बाबतीत चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

अरबी अक्षर आमच्या रानात कोठून आले, असे कोणी विचारील. वाचकहो, ते फार दुरून आलेले नाही. आमच्या तालुक्याला पूर्वी सुपा तालुका म्हणत. काळी नदीवर गणेशगुडी येथे धरण झाले, ते १९८७ साली कार्यान्वित झाले, आणि मूळचे सुपा गाव पाण्याखाली गेले; तेथील कित्येक कुटुंबे रामनगरास येऊन वसली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आमच्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी मराठी धुळाक्षरे काढली. आजचे मूल शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकते, घरी कोंकणी बोलते, आणि आजी वाचून दाखवील तेव्हा मराठी ऐकते. कोंकणीची तर गोष्टच निराळी. भाषा एक, पण ती देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांतून लिहिली गेली आहे. आमच्याच जिल्ह्यात भटकळ येथील नवायत मुसलमान बांधव आपली नवायती बोली फारसी-अरबी अक्षरांत लिहितात. आमच्या आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर तालुक्यांत राहणारे सिद्दी बांधव २००३ साली अनुसूचित जमातींत गणले गेले. त्यांच्यात हिंदू आहेत, कॅथलिक आहेत आणि मुसलमानही आहेत. एकाच बोलीत भांडणाऱ्या व एकाच बोलीत समेट करणाऱ्या दोन शेजारघरांत एका घरचे मूल संध्याकाळी रोझरी म्हणते, तर दुसऱ्या घरचे मूल अरबी ‘कायदा’ उघडून बसते. ‘कायदा’ म्हणजे अरबी अक्षरांची पहिली बालपोथी. आपल्याकडे हाच शब्द कचेरीतल्या कायद्यासाठी रूढ झाला.

आणि कायदाच कशाला? आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो असे कितीतरी शब्द अरबीतून आलेले आहेत. जिल्हा, तालुका, तारीख, हिशेब, अर्ज, वकील, हुकूम हे सारे तिकडचे. लिहिण्याची कलम अरबी आणि शाईची दौतही अरबी. गवळी दररोज दुधाचा ‘रतीब’ घालतो. तो शब्द अरबी ‘रातिब’पासून आला आहे, आणि आजच्या अरबीत ‘रातिब’ म्हणजे महिन्याचा पगार. (पगार हा शब्द मात्र पोर्तुगिजांनी दिला.) तेव्हा मराठी माणूस अरबी शिकू लागला तर त्याला अर्धे शब्द ओळखीचे निघत नसले तरी पुष्कळ शब्द ओळखीचे निघतात. अनोळखी असतात ती फक्त अक्षरे.

त्या अनोळखी अक्षरांची किंमत काय पडते ते आमच्या तरुणाच्या काकांनी मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी ते आखातातील एका देशात सुतारकामास गेले होते. एके दिवशी त्यांच्यापुढे अरबी कागद ठेवण्यात आला आणि ही उचलीची पावती आहे असे तोंडी सांगण्यात आले. काकांनी सही केली. पुढे थकलेल्या मजुरीची मागणी केली तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे आला. त्याचे नाव होते ‘मुखालसा’. मुखालसा म्हणजे सगळा हिशेब चुकता झाला, आता काही येणे नाही, अशी कबुली. पाहा, आपल्या ‘खलास’ आणि ‘खुलासा’ या शब्दांचे मूळही तेच. काकांना ती अक्षरे लावता आली असती तर मराठी कानालासुद्धा त्या शब्दातला ‘खलास’ ऐकू आला असता आणि हात थबकला असता. सात महिन्यांची मजुरी एका न वाचलेल्या शब्दापायी गेली.

ही भीती केवळ एका घराची नव्हे. कुवेतच्या २०१० सालच्या खाजगी नोकऱ्यांसंबंधीच्या कामगार कायद्यात अशी तरतूद आहे, की नोकरीचा करार अरबीत असावा. त्याला दुसऱ्या भाषेतील भाषांतर जोडता येईल, परंतु तंटा उत्पन्न झाल्यास अरबी मजकूरच प्रमाण धरला जाईल. म्हणजे भाषांतर हातात असले तरी न्याय मिळायचा तो अरबी ओळींवरून. गोव्यातून, कारवारातून, आमच्या घाटावरच्या गावांतून मुले तिकडे जातात. घरचे कर्ज, बहिणीचे लग्न, छपराची कौले हे सारे त्या ओळींवर टांगलेले असते.

आता या लिपीची घडण थोडी समजून घेऊ. त्यावाचून यंत्राचा गुणदोष कळावयाचा नाही. अरबीत अक्षरे २८. लिहिणे उजवीकडून डावीकडे. पण आकडे मात्र आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे. अक्षरे एकमेकांचा हात धरून चालतात. त्यामुळे एकच अक्षर एकटे असताना एक रूप घेते, शब्दाच्या आरंभी दुसरे, मध्ये तिसरे आणि शेवटी चौथे. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा आणि वाव ही सहा अक्षरे तेवढी पुढच्या अक्षराचा हात धरीत नाहीत. शिवाय ऱ्हस्व स्वर साधारणतः लिहिले जात नाहीत. क, त, ब एवढीच तीन अक्षरे लिहिली तर ‘कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिले’ असेही वाचता येते आणि ‘कुतुब’ म्हणजे ‘पुस्तके’ असेही. मागचेपुढचे पाहून वाचणाराने ठरवावयाचे. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे ठिपके. बा, ता आणि सा या तीन अक्षरांचा सांगाडा एकच. खाली एक ठिपका दिला की बा, वर दोन दिले की ता, वर तीन दिले की सा. एका ठिपक्याने ‘हब्ल’ म्हणजे दोरी, तिचा ‘जबल’ म्हणजे डोंगर होतो.

आकड्यांतही चकवा आहे. आखाती देशांत पुष्कळदा जे आकडे लिहितात त्यांना अरब लोक ‘हिंदी आकडे’ म्हणतात, कारण आकड्यांची ती विद्या त्यांनी आपल्या देशातूनच घेतली. परंतु त्या आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता एक ठिपका असतो. पगाराच्या कागदावर पाचाला शून्य समजणाऱ्याची काय गत होईल ते सांगावयास नको.

आमचा तरुण ही लिपी दोन ठिकाणी शिकतो. संध्याकाळी तो शेजारच्या वस्तीतील मौलवीसाहेबांकडे जातो. ते वृद्ध आहेत. लहान मुलांना कायदा शिकवितात. या शिक्षणाची रीत अशी, की मूल आधी अक्षर ओळखते, मग जोडून वाचते, मग पाठ म्हणते. लिहिणे मागाहून येते, आणि कित्येक मुलांच्या बाबतीत येतच नाही. यात आपण कोणी हसण्यासारखे काही नाही. १९६० नंतरच्या दशकात मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. तोवर आपले आजोबा-पणजोबाही लॅटिन प्रार्थना अर्थ न कळता, पण एक मात्रा न चुकता म्हणत होते. मौलवीसाहेबांनी या ख्रिस्ती मुलाला आनंदाने पोटाशी धरले. मात्र दिवसाला अर्ध्या तासापलीकडे त्यांचे डोळे चालत नाहीत. उरलेल्या वेळी तरुणाचा गुरू म्हणजे मोबाइल.

हा नवा गुरू काय करतो? तरुण काचेवर बोटाने अक्षर काढतो आणि यंत्र ते ओळखते. कागदावर लिहून फोटो काढला तरी ते वाचून दाखविते, शब्दाचा अर्थ मराठीत सांगते, उच्चार ऐकविते, आणि तेच अक्षर शंभर वेळा विचारले तरी कपाळाला आठी घालीत नाही. लाजाळू शिकणाऱ्याला हा मोठाच आधार. वीस वर्षांच्या मुलाला सात वर्षांच्या पोरांमध्ये बसून ‘अलिफ, बा, ता’ म्हणताना जो संकोच वाटतो तो यंत्रापुढे वाटत नाही. वाचनाच्या बाबतीत हा प्रयोग आपल्याकडे आधीच झालेला आहे. २०१९ साली गूगल कंपनीने मुलांचे मोठ्याने वाचणे ऐकून चुका दाखविणारे एक साधन भारतात आणले, आणि पुढल्याच वर्षी त्यात मराठी व उर्दूही आल्या. कुराणाचे पठण ऐकून गळलेला शब्द दाखविणारे ‘तरतील’ नावाचे साधनही मुसलमान कुटुंबांतून वापरले जाते.

यंत्राला हे ज्ञान कोठून मिळाले? त्याला कोणी जादू समजू नये. हजारो माणसांनी लिहिलेली अक्षरे, प्रत्येकाखाली ‘हे बा’, ‘हे ता’ असे नाव देऊन, त्याला दाखविलेली असतात. त्यांतील साम्य गोळा करून ते नवे अक्षर ओळखते. काचेवर बोट फिरते तेव्हा ते कोठून निघाले आणि कोणत्या क्रमाने गेले हेही त्याला कळते. कागदाच्या फोटोत मात्र फक्त शेवटची आकृती दिसते. अरबी लेखनातील चुका शोधण्यास यंत्रे शिकावीत म्हणून कतार देशात ‘क़ल्ब’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात जाणत्या माणसांनी लाखो शब्दांचा मजकूर हाताने दुरुस्त केला. त्यावरून २०१४ आणि २०१५ साली संशोधकांच्या चढाओढी झाल्या, आणि दुसऱ्या वेळी तर अरबी नव्याने शिकणाऱ्या परक्या लोकांचे लेखनही त्यात घेण्यात आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अबू धाबी येथून ‘जैस’ नावाची अरबी जाणणारी यंत्रबुद्धी प्रसिद्ध झाली. अमिरातींतील सर्वांत उंच डोंगराचे नाव तिला दिले आहे. या साऱ्याचा अर्थ एवढाच, की यंत्राच्या डोळ्यामागे पुष्कळ माणसांचे डोळे झिजलेले आहेत. तो उसना डोळा आहे. आणि उसन्या वस्तूची मर्यादा ओळखूनच ती वापरावी.

ही मर्यादा आम्ही एका संध्याकाळी प्रत्यक्ष पाहिली. तरुणाने वहीत एक छोटेसे वाक्य लिहिले होते: ‘हाझा बैतुना’, म्हणजे ‘हे आमचे घर’. त्याने फोटो काढून यंत्राला विचारले, बरोबर आहे का? यंत्राने उत्तर दिले की अगदी बरोबर, आणि वर त्याची स्तुतीही केली. तीच वही मौलवीसाहेबांनी दिव्याजवळ धरली. थोडा वेळ पाहिले आणि हसू लागले. म्हणाले, “मास्तर, तुमच्या पोराने घरातच मुलगी आणून बसविली!”

झाले होते ते असे. ‘बैत’ म्हणजे घर. त्यात मधल्या ‘या’ अक्षराखाली दोन ठिपके असतात. तरुणाने खाली दोन देण्याऐवजी वर एकच दिला होता. त्यामुळे ‘या’चा ‘नून’ झाला आणि ‘बैत’चे ‘बिंत’ झाले. बिंत म्हणजे मुलगी. मधला दात दोन्ही शब्दांत सारखाच. फरक फक्त ठिपक्यांचा.

तरुण खट्टू झाला. म्हणाला, “मग यंत्राला हे कसे दिसले नाही?” मौलवीसाहेबांनी त्याला जे सांगितले ते आम्हांस फार मोलाचे वाटले. ते म्हणाले, “बेटा, त्याने तुझ्या मनातले वाचले, वहीतले नाही. मी म्हातारा, मला मन वाचता येत नाही. मी ठिपके मोजतो.”

वाचकहो, या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. ‘हाझा’ हा शब्द पुल्लिंगी आहे, ‘बैत’ही पुल्लिंगी आहे; तेव्हा पुढे घरच असणार, मुलगी नसणार, असा अंदाज यंत्राने बांधला आणि चुकलेला ठिपका ते सहज ओलांडून गेले. अंदाज बांधणे हाच त्याचा स्वभाव. त्यावरच त्याची हुशारी उभी आहे. पुसट पत्र वाचावयाचे असेल तेव्हा हा गुण मोठा उपयोगी पडतो. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच गुण दोष होतो. जो गुरू शिष्याची चूक मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो तो दयाळू असेल, पण त्याचा शिष्य कच्चा राहतो. आणि ज्या दिवशी मेजावर कागद येईल त्या दिवशी आपल्या मनात काय होते हे कोणी विचारणार नाही. कागदावर काय होते एवढेच विचारतील.

अक्षर आणि यंत्र यांचा हा झगडा आजचा नाही. अरबी अक्षरांचे खिळे जुळवून छापलेले पहिले पुस्तक आपल्याला ठाऊक आहे ते १५१४ सालचे, इटलीतील फानो गावचे. आणि ते होते ख्रिस्ती प्रार्थनांचे. पुढे १५३७-३८ च्या सुमारास व्हेनिस शहरात पागानीनी पितापुत्रांनी संपूर्ण कुराण छापले. यंत्र होते, खिळे होते, भांडवल होते. पण ठिपके मोजणारा जाणता डोळा नव्हता. दाल आणि ज़ाल या अक्षरांत एका ठिपक्याचा फरक; तोसुद्धा त्या पुस्तकात पाळला गेला नाही, आणि इतरही चुका पुष्कळ राहिल्या. ते पुस्तक कोणाच्या उपयोगी पडले नाही. त्याची एकच प्रत १९८७ साली व्हेनिसमधील फ्रान्सिस्कन मठाच्या ग्रंथालयात सापडली. ज्यांची ती अक्षरे त्यांना विचारल्यावाचून केलेल्या कामाची ही गत.

आपल्या फादर स्टीफन्स यांचेही उदाहरण घ्या. आपल्या लोकांची पुस्तके आपल्याच लिपीत छापावीत अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला जे पत्र लिहिले त्यात अडचण सांगितली ती अशी, की युरोपात चोवीस साच्यांत काम भागते, येथे मात्र सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. ते जमले नाही. म्हणून १६१६ साली राशोल येथे छापलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत निघाले. यंत्राला आपली लिपी झेपली नाही, तेव्हा पुस्तकाने लिपी बदलली. आज यंत्राला सहाशेच काय, सहा हजार आकृत्याही झेपतात. अडचण फिरून निराळ्या जागी आली आहे. तेव्हा यंत्र दुबळे होते म्हणून अक्षर मागे पडले. आता यंत्र समर्थ झाले म्हणून माणसाचा हात मागे पडू नये.

हाच इशारा व्हॅटिकननेही दिला आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध झाला त्यात शिक्षणाचा विचार करताना म्हटले आहे, की यंत्रावर फार विसंबल्यास विद्यार्थ्यांची स्वतः काही करण्याची शक्ती झिजण्याचा धोका आहे. यंत्र टाकून द्या असे त्यात म्हटलेले नाही. आम्हीही तसे म्हणत नाही.

मग करावे काय? त्या संध्याकाळनंतर तरुणाने आपली रीत थोडी बदलली, आणि ती आम्हांस इतरांनाही सांगण्याजोगी वाटते. पहिली गोष्ट, तो आता यंत्राला पूर्ण वाक्य देत नाही. एकेक शब्द देतो, तोही मागचापुढचा संबंध तोडून. अंदाजाला आधारच उरला नाही की यंत्राला अक्षराकडे पाहावे लागते. दुसरी गोष्ट, ‘हे बरोबर आहे का?’ असे तो विचारीत नाही. ‘यात कोणकोणती अक्षरे आहेत आणि कोणाला किती ठिपके कोठे आहेत, ते एकेक सांग,’ असे विचारतो. प्रश्न बदलला की उत्तराची जातही बदलते. तरीही ते चुकते. पण चूक आता लपून राहत नाही, कारण ठिपके वहीत समोरच असतात. तिसरी गोष्ट, तो यंत्राकडून श्रुतलेखन घेतो. यंत्र शब्द उच्चारते, तो कागदावर लिहितो, आणि छापील कायदा किंवा शब्दकोश उघडून स्वतः ताडून पाहतो. आमच्या वाड्यांवर नेटवर्क पावसाळ्यात दोनदोन दिवस नाहीसे होते. तेव्हा वहीतला हा धडाच कामास येतो. आणि चौथी गोष्ट, आठवड्यातून दोनदा सारी वही मौलवीसाहेबांपुढे जाते. यंत्राने मान्य केलेल्या पानावरही त्यांची तांबडी पेन्सिल फिरते.

एक सावधगिरी आईबापांनीही बाळगावी. अक्षरे शिकण्यासाठी यंत्र वापरावे. परंतु मुलाचे पारपत्र, करार, बँकेचे कागद यांचे फोटो त्यात बेधडक घालू नयेत. तो कागद आपल्या घरात राहत नाही. कोठल्याशा दूरच्या कंपनीच्या यंत्रापर्यंत जातो. आणि प्रत्यक्ष करारावर सही करण्याची वेळ येईल तेव्हा यंत्राने सांगितलेला अर्थ हा फक्त पहिला अंदाज समजावा. जाणत्या माणसाकडून तो वाचून घ्यावा, आणि ‘अक्द’ म्हणजे करार, ‘रातिब’ म्हणजे पगार, ‘मुखालसा’ म्हणजे हिशेब खलास, एवढे तरी शब्द आपल्या डोळ्यांनी ओळखावेत. पन्नास शब्द आणि दहा आकडे ज्याला खात्रीने वाचता येतात त्याला फसविणे सोपे राहत नाही.

कोणी म्हणेल, अरबी ही परक्या धर्माची भाषा, ती आपल्या मुलांनी कशाला गिरवावी? त्यांना आम्ही नम्रपणे सांगू, की लेबनॉन, सीरिया, इराक, ईजिप्त या देशांतील लाखो ख्रिस्ती बांधव याच भाषेत प्रार्थना करतात. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही. म्हणून संत पेत्र तेथे ‘बुत्रुस’ होतात आणि संत पौल ‘बूलुस’. आमच्या तरुणाच्या नावातही ‘प’ आहे. मौलवीसाहेबांनी त्याला ‘ब’ लिहावयास शिकविले तेव्हा तो जरा हिरमुसला. पण संत पेत्राचीही तीच गत झाली आहे असे कळल्यावर आनंदाने लिहू लागला. आणखी एक गोष्ट सांगतो. अरबीचा ‘अल्-मुंजिद’ नावाचा जो प्रख्यात शब्दकोश मुसलमान विद्यार्थीही विश्वासाने उघडतात, तो १९०८ साली बैरूत येथे प्रसिद्ध झाला, आणि त्याचे कर्ते लुई मालूफ हे येशूसंघीय धर्मगुरू होते. एका जेझुइटाच्या कोशाने मौलवींना साह्य केले. एक मौलवी आमच्या मुलाला साह्य करीत आहेत. विद्येचे देणेघेणे असेच चालत आलेले आहे, आणि यंत्र आले म्हणून ते थांबण्याचे कारण नाही.

सारांश, आमचे मत असे. गावात ज्या भाषेचा शिक्षक मिळत नाही, किंवा मिळाला तरी त्याचे डोळे थकलेले आहेत, तेथे हे यंत्र म्हणजे देणगीच आहे. त्याच्यापुढे कित्ता ठेवावा, त्याच्याकडून उच्चार ऐकावा, त्याला शंभरदा विचारावे. परंतु लिहिण्याचे काम त्याला सोपवू नये, आणि त्याने दिलेली शाबासकी म्हणजे परीक्षेचा निकाल समजू नये. बोट दुखेपर्यंत गिरविलेले अक्षरच हातात राहते. आपल्या घरातील मूल मोबाइल घेऊन एखादी नवी लिपी शिकत असेल तर त्याला रागावू नका. आठवड्यातून एकदा त्याची वही मागा आणि ठिपके मोजा. आपल्याला ती लिपी येत नसली तरी चालेल. जवळ बसून, “हे काय लिहिलेस, मला सांग पाहू,” असे विचारले म्हणजे मुलाला स्वतःच आपले अक्षर पुन्हा एकदा पाहावे लागते, आणि पुष्कळ चुका तेवढ्यानेच सापडतात.